रविवारी अडणारी पेटी

धाकट्याला दुसरी मुलगी झाली, त्या वर्षीच्या ऑगस्टमधली गोष्ट. रविवार होता, सकाळचे साडेनऊ. थोरलीने आईची गोळ्यांची पेटी जेवणाच्या टेबलावर उघडून ठेवली होती. आई समोर बसून होती, आजाऱ्याच्या उशाशी बसावं तशी.

पेटी धाकट्याने दूरदेशी नोकरीला जाण्याआधी स्वतः बनवली होती. वेळ झाली की दिवा लागायचा आणि खालच्या वाटीत गोळी पडायची. वर दोन बटणं, एक ‘घेतली’, एक ‘नंतर’. पेटीला खोड एकच. मधूनच अडायची. अर्ध्या मिनिटाने आपली आपण सुरू व्हायची, पण झालेलं सगळं विसरून. मग घेतलेली गोळी पुन्हा वाटीत टाकायची. जूनमध्ये आईने अशी रक्तदाबाची गोळी दोनदा घेतली आणि चक्कर येऊन न्हाणीघरात पडली. कोपरावरचा वण अजून काळा होता.

थोरलीचं कामही हेच. कारखान्यात ती असल्याच इवल्या चिपांचे प्रोग्राम तपासायची. काल संध्याकाळपासून ती पेटीचं इंटरनेट तोडून तिच्या मागे लागली होती. बटणं भराभर दाबली की चाळिसातून एखाद्या वेळी पेटी अडायची. कुठे अडते ते कळावं म्हणून तिने पेटीला प्रत्येक पावलाला लॅपटॉपवर एक ओळ लिहायला लावली. ओळी येऊ लागल्या आणि पेटी अडेनाशी झाली. शंभर वेळा दाबूनही नाही. ओळी काढल्या की पुन्हा अडायची.

“डॉक्टर दारात आला की ताप उतरतो, तसं आहे तिचं,” आई म्हणाली.

“लिहिण्यात वेळ जातो ना, म्हणून. तेवढ्यानेही हिची चाल बदलते.”

मग थोरलीने लिहिणं बंद केलं आणि चिपच्या एका रिकाम्या पायाला तार जोडली. बटणाचं काम सुरू झालं की पायावर वीज चढायची, संपलं की उतरायची. विजेचे चढउतार दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर त्याची पायरी दिसायची. पायरी जेवढी रुंद तेवढा वेळ. तिने मोजलं. एका बटणाच्या कामाला सेकंदाच्या हजार भागांतले नऊ भाग लागत होते. तेवढ्यात दुसरं बटण दाबलं गेलं की दोन्ही कामं एकाच जागी लिहायला धावायची. एका म्यानात दोन तलवारी. पेटी तिथेच भांबावायची.

चूक सापडली होती. पण थोरलीचं समाधान होईना. घरात एकटी आई. इतक्या थोड्या वेळात दुसरं बटण दाबायचं तर दोन्हींवर एकदमच बोटं ठेवायला हवीत.

बाकी सगळं विसरली तरी अडल्याची वेळ पेटी वेगळी नोंदवून ठेवायची. थोरलीने त्या वेळा काढल्या. कालपासूनच्या सोडून अकरा होत्या. तिने तारखा वाचल्या, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

“आई, ही पेटी फक्त रविवारीच का गं अडते? तीही दहाच्या सुमाराला?”

“तिलाही सुट्टी हवी असेल.”

“आई.”

आईने टेबलावरचे कण बोटाने गोळा केले. “पहिल्यांदा पुसताना दोन्ही बटणं एकदम दाबली गेली. देवाशप्पथ. पाच मिनिटांत त्याचा फोन आला. पेटी अडली की त्याला निरोप जातो म्हणे. पाऊण तास बोलला गं. कुठला दिवा लागलाय, कुठला विझलाय, हात लाव, गरम लागते का बघ. मागे त्याची छोटी बडबडत होती.” तिने कण तळहातावर घेतले. “एरवी काय, कशी आहेस, बरी आहे, ठेवू का.”

“आणि दोनदा गोळी घेतलीस ती?”

“दुसरी मी उचलून ठेवते. एकदाच विसरले. बोलण्याच्या नादात.”

“एकदाच पुरतं, आई.”

“एवढी एक खोड राहू दे तिला.”

थोरलीने लॅपटॉप पुढे ओढला. तिने प्रोग्रामच्या चार ओळी लिहिल्या. पहिल्या बटणाचं काम संपेपर्यंत दुसऱ्याने थांबायचं, एवढंच. पेटीत घातल्या. तार काढली, इंटरनेट जोडलं, झाकण लावलं, चारही स्क्रू आवळले आणि पेटी आईपुढे सरकवली.

दहा वाजायला आले होते. आईने फोन जवळ ओढला. मग दोन बोटं दोन बटणांवर ठेवून एकदम दाबली. एक दिवा लुकलुकला, त्यामागून दुसरा. पेटी चालूच राहिली. आईने पुन्हा दाबली. तिसऱ्यांदा जरा जोराने.

“बरी झाली म्हणायची,” ती म्हणाली.

“तू कर ना त्याला फोन. आत्ता लाव, मी लावून देते.”

“आणि सांगू काय?” आई म्हणाली. “काहीच बिघडलेलं नाही म्हणून?”

त्यानंतर पेटी एकदाही अडली नाही. पुढच्या सात महिन्यांत धाकट्याचा फोन चार वेळा आला. आई मार्चच्या नऊ तारखेला, मंगळवारी सकाळी गेली.