चालते

जुन्या बत्तीस-बिट कॉम्प्युटरांसाठी आमची मोफत ऑपरेटिंग सिस्टीम बनवणं थांबवायचं का, याचा निकाल आज पाचला होता. एकानंही नवी आवृत्ती चालते असं कळवलं, तर काम सुरू राहणार होतं. आंजीचे प्रेमदास गुरुजी प्रत्येक आवृत्ती आपल्या वीस वर्षांपूर्वीच्या कॉम्प्युटरवर तपासून एकच शब्द पाठवत: 'चालते'. ह्यावेळी दुसऱ्या कुणाचं काही आलं नव्हतं, अन् त्यांचा शब्दही नाही. देवळीहून स्कूटी पळवत मी पाचला पाच मिनिटं असताना पोचले. "काऊन नाई कळवलं, गुरुजी?" "तीनदा टाकून पाह्यली. सुरूच होत नाई. जुनीच परत टाकली." "तरी 'चालते' लिहा. मी मागून दुरुस्त करीन." "तोवर माह्या भरोशावर कोणी टाकली अन् कॉम्प्युटर बसला, तर?" मी घड्याळ पाहिलं. दोन मिनिटं उरलेली. गुरुजींनी त्याच कॉम्प्युटरवर एका बोटानं लिहिलं: 'चालत नाही'. मेल लगेच गेला. आमच्याच जुन्या आवृत्तीवर कॉम्प्युटर एकदाही अडखळला नाही.