मुठीचे तांदूळ

"शलोमे, आधी ती मूठ काढ. मंग आदण ठेव."

आईचा हा आवाज नेवाशाच्या घरात चुलीच्या धुरातून यायचा. आई जाऊन बरीच वर्षं झाली. पण काळेवाडीतल्या भाड्याच्या खोलीत तांदळाच्या डब्याचं झाकण उघडलं, की शलोमीला तो अजून ऐकू येतो. स्वयंपाकाआधी मूठभर तांदूळ वेगळ्या डब्यात टाकायचे. ते देवाचे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी मंडळीतल्या बायका आपापले डबे चर्चमध्ये आणतात, एका गोणीत ओततात, आणि ज्या घरी नड असेल तिथं ती गोणी पोचते.

आज उपासना सुटली तशा बायका मागच्या खोलीत जमल्या. शलोमीनं नेहमीसारखं गोणीचं तोंड धरलं. कोलम, इंद्रायणी, रेशनचा जाडा, सगळे एकमेकांत मिसळत गेले. सगळ्यांत शेवटी तिनं आपला डबा उपडा केला. आवाज लवकर थांबला.

"काय गं, उंदीर झाल्यात व्हय घरात?" मंजुळामावशी म्हणाल्या. मावळातली म्हातारी, बोलायला फटकळ.

"उंदीर कसले मावशी, ते कधीच पिंपळे सौदागरला गेले. सोसायटीत राहतात आता."

बायका खळखळून हसल्या. शलोमीही हसली.

"आणि जयदीप? आजपण शिफ्ट?" चर्चच्या पाळकांच्या बायकोनं, पाळकबाईंनी विचारलं.

"हो ना बाई. कंपनीला रविवार कुठं कळतो?"

हे ती नाताळाआधीपासून सांगत होती. चाकणच्या कंपनीनं तिच्या नवऱ्याला, जयदीपला, कंत्राटी कामगारांना देतात तसा ब्रेक दिला आणि परत बोलावलंच नाही. आता तो पहाटे डांगे चौकात मजुरांच्या घोळक्यात उभा राहतो. कधी कुणी नेतं, बरेचदा नाही. आज सकाळी निघताना तो दारात घुटमळला. "माझ्या वाटचं गाणं तूच म्हण," एवढंच म्हणाला. रात्री लेकीला मधे घेऊन दोघं गुडघे टेकतात. देवाला सगळं ठाऊक आहे. मंडळीला काहीच नाही.

"तर या खेपेला कुणाकडं?" पाळकबाईंनी सगळ्यांकडं बघितलं.

"गेल्या खेपेला विजयश्रीकडं दिली, पण तिला आता काम लागलं की."

"हो, तीच म्हणाली, आता नको."

"मग दुसरं कुणी? लाजू नका गं."

कुणी नाव घेईना. शलोमीनं गोणीच्या कडा घट्ट धरल्या. उद्या सकाळी शिजवायला तिच्या घरात काही नव्हतं.

"ठीक आहे, मिशनच्या मुलांच्या वसतिगृहाला पाठवू. दुपारी गाडी जातेच आहे."

पाळकबाईंनी गोणीवर हात ठेवला. बाकीच्यांनीही ठेवले, डोळे मिटले. "बापा, हे तांदूळ ज्यांच्या ताटात जातील त्यांची नावं तुला ठाऊक आहेत. त्यांना धीर दे. त्यांचा हात सोडू नकोस."

"आमेन," सगळ्या म्हणाल्या.

शलोमीचे ओठ हलले नाहीत.

"बांध गं आता," मंजुळामावशींनी सुतळी तिच्या हातात दिली. "गाडी खोळंबंल."

शलोमीनं सुतळी बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली.

"बाई," ती म्हणाली. "यांची शिफ्ट नाही. काम सुटलंय यांचं. नाताळाआधीच. ही गोणी... आमच्याकडं द्याल का?"

मंजुळामावशी गुडघ्यावर हात टेकत खाली बसल्या, अगदी तिच्याजवळ. मघाचं हसू त्यांच्या तोंडावरून पार गेलं होतं.

"अगं येडे, आन् तरी डबा आणत व्हतीस दर महिन्याला?"

"एक दिवस चुकवला नाही, मावशी." शलोमीनं मान वर केली नाही. ती तांदळाकडंच बघत होती. "पण मूठ माझी नव्हती. लेकीला काढायला लावत होते. तिची मूठ लहान आहे ना."