सत्तर हजार फुटांवरचे मामा

"अगं, चुटकीसरशी निघतं हे," असं म्हणत लक्ष्मणमामांनी हेल्मेट डोक्यात घातलं आणि अंगातल्या सूटच्या गळ्याच्या कडीत फिरवून बसवलं. खटकन आवाज आला. त्यानंतर ते कुणालाच निघेना.

उस्मानपुऱ्यातल्या मंगल कार्यालयात, नवरीच्या खोलीत हे घडलं. हट्ट सावनीचाच होता. सासरी जायच्या आधी तिला मामाचा सूट त्याच्या अंगावर बघायचा होता. फार उंचावरून हेरगिरी करणाऱ्या विमानांचे पायलट घालतात ना, तसला. मामांनी तो घरी शिवला होता. स्वतः ते कधी विमानात बसले नव्हते. बापाविना वाढलेल्या या भाचीला चिकलठाण्याच्या विमानतळाच्या कुंपणापाशी नेऊन ते सांगायचे, "सत्तर हजार फुटांवर भरदुपारी आभाळ काळं दिसतं. आणि खाली पृथ्वी वाकलेली."

बाहेर माईकवरून गुरुजी म्हणाले, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं."

दमयंतीमामींनी कडी ओढली, पिळली. "अहो, कुकरचं झाकण अडकावं तसं झालंय. गार पाणी ओतू का वरून?"

मामांनी आतल्या आत मान हलवली. हेल्मेट हललं नाही.

"मग कात्री लावते. नाहीतर आज काकांना पाठवू हिच्याबरोबर."

भाचीला हाताला धरून बोहल्यावर न्यायचं, एवढं एकच मामांनी ती पाळण्यात असताना मागून घेतलं होतं. जाड हातमोज्यातून त्यांनी तिचा हात घट्ट धरला.

"कात्री नको आणि काका पण नको," सावनी म्हणाली. "चल मामा, असाच."

दारातच हेल्मेटमधला पंखा बंद पडला. काच वाफेनं पांढरी झाली. मामांना काही दिसेना, म्हणून नवरीच मामांना घेऊन निघाली.

"हे कोण हो, बँडवाले का?" पाचोडकडच्या एका पाहुण्यानं विचारलं.

"नाय हो. नवरीचे मामा हैत."

बोहल्यावर मामा सावनीच्या मागे उभे राहिले. हेल्मेटच्या आत मात्र सगळं शांत होतं. मंगलाष्टकं पाण्याखालून आल्यासारखी लांबून येत होती. काचेवरची वाफ ढगांसारखी पसरली, मग ढग खाली राहिले आणि वर आभाळ काळंभोर झालं. अक्षता काचेवर टिकटिक वाजत होत्या, चांदण्या आपटाव्यात तशा. डोळ्यांतलं पाणी पुसता येत नव्हतं. खाली पृथ्वी खरोखर वाकलेली होती. मामा तिच्याकडे बघत, तरंगत एक पाऊल पुढं आले.

ते पाऊल शालूच्या काठावर पडलं. तो सोडवायला सावनी खाली वाकली. तेवढ्यात "शुभमंगल सावधान" झालं आणि अंतरपाट सरला.

"घाला, घाला हार," गुरुजी घाईनं म्हणाले. नवरदेव हिमांशू लाजून खाली बघत होता. बँड सुरू झाला. त्यानं मान वर न करताच हार घातला, आणि तो मामांच्या गळ्यात पडला.