अंजूची पायरी

"टॅब परत न्यायला आले," हे वाक्य शाळेतल्या सत्यशीला म्याडम पालीच्या धरणाकडल्या वस्तीपर्यंत वाटभर घोकत आल्या होत्या. त्यांनी दारात पाऊल टाकलं.

"या म्याडम," सारजाबाई म्हणाली. मेंढरं चरायला गेली होती. घरात ती एकटीच, आणि मांडीवर लेकीला, अंजूला, शाळेनं दिलेला टॅब.

अंजू पान लागून गेली, त्याला महिना झाला होता. सापाचं नाव तिकडं कुणी घेत नाही, पान लागलं म्हणतात. सहावीतली पोर, गणितात अशी तल्लख की टॅबलाच धाप लागावी! ज्याच्या-त्याच्या वकुबाप्रमाणं धडा देणारं ते यंत्र. बरोबर आलं की वरची पायरी, चुकलं की खालची. आता ते पुसून दुसऱ्या लेकराच्या नावे करायचं होतं. पण शाळेच्या यादीत अंजू अजून रोज अभ्यास करत होती, आणि सहावीवरून घसरत पहिलीवर आली होती. कुणा पोरांनी खेळ मांडलाय म्हणून म्याडम चिडूनच निघाल्या होत्या.

"तुम्ही वापरता हा?"

"रोज. बराबर आलं की 'शाब्बास अंजू' म्हनतंय. घरात तिचं नाव काडायची कुनाची छाती न्हाई आता." सारजाबाईनं पदरानं काच पुसली. "पर मला येतंय कुटं? माज्या चुका माज्या लेकीच्या नावावर पडल्या. लई हुशार व्हती ओ ती. पुसायचं तर पुसा, पर आदी तिला व्हती तितं नेऊन ठेवा."

म्याडमनी चप्पल काढली, खाली बसल्या आणि टॅब मांडीवर घेतला. बेरजा, गुणाकार, अपूर्णांक. एकेक उत्तर त्या स्वतः देत राहिल्या. "शाब्बास, अंजू!" यंत्र दरवेळी म्हणायचं, आणि सारजाबाई दरवेळी मान हलवायची. मेंढरं परतायची वेळ झाली तरी दोघींपैकी कुणी उठलं नाही.

शेवटी सहावीची पायरी आली. तीही पुरी झाली.

"अंजू, सातवीचा धडा सुरू करायचा का?" टॅबनं विचारलं.

म्याडमचं बोट थबकलं. त्यांना काचेवरचं काही दिसेना.

"हो म्हना की, म्याडम," सारजाबाई म्हणाली. "पास झाली ना ती."