तीन खुर्च्यांची एक

खुर्चीत टेकताच रासनेशेठांचे पाय थेट फुटपाथवर आले. रस्ता रुंद करताना तुळशीरामचं सलून निम्मं पाडलं होतं आणि तीन खुर्च्यांची एकच उरली होती. समोरचं रासन्यांचं भांड्यांचं दुकान मात्र अगदी पायरीसकट शाबूत होतं.

"रस्ता व्हायलाच हवा होता, शेठ," गालांवर साबण फासत तुळशीराम म्हणाला. "शाळेची पोरं आता फुटपाथवरून निर्धास्त जातात. दोन्ही बाजूंचं सारखंच जाणार होतं म्हणे. पण तुमचं वाचलं, बरं झालं. माझ्या दुकानाचा नारळ तुम्हीच तर फोडला होता!"

शेठ आरशात बघेनात. महापालिकेतल्या मेहुण्याला सांगून त्यांनी नकाशातली रेघ चार फूट सरकवून घेतली, तेव्हा पलीकडे कुणाचं दुकान आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तुळशीराम काही भांडायला येणारा माणूस नव्हे, हेही ठाऊक होतं.

वस्तरा थांबला. आता गळ्याखालची दाढी तेवढी राहिली होती.

"शेठ, जरा मान वर करा ना."

त्यांना ती वर करवेना.