नुसते गाल फुगवा

वरात निघायच्या आधी बँडच्या मालकाने हैबती मास्तरांच्या क्लॅरिनेटची पत्तीच काढून घेतली. पत्ती नाही, म्हणजे सूर नाही.

"चुकून वाजायला नको, मास्तर. आवाज कीबोर्डमधून येईल. तुम्ही पुढं राहून नुसते गाल फुगवा. शोभा येते."

मास्तरांनी प्रगती मान्य केली. आयुष्यभर फुंकून छातीचा भाता झाला होता; आता नुसत्या गालांवर भागत होतं.

चौकात नवरीचे आजोबा गाडीतून उतरले. त्यांचे डोळे भरून आले होते. "व्वा, मास्तर! या मशीनच्या जमान्यात जिवंत सूर ऐकवलात!"

न वाजवलेल्या सुरांबद्दल मास्तरांनी कमरेत वाकून नमस्कार केला.

"आता माझ्यासाठी एखादं जुनं नाट्यपद होऊन जाऊ द्या."

कीबोर्डवाला फोनवर बोलत लांब गेला होता. मास्तरांना राहवेना. खिशातली जादा पत्ती जिभेवर ओली करून त्यांनी बसवली, डोळे मिटले आणि जीव ओतून वाजवलं. मधेमधे त्यांचा श्वासही ऐकू येत होता.

आजोबांनी तोंड वाकडं केलं.

"छे छे, मास्तर! ते मशीन बंद करा बघू. मघासारखं तोंडानं वाजवा."