कमानीबाहेर

डोंगरावरच्या देवळाच्या पायऱ्या चढत असताना दिराचा फोन आला. "वहिनी, आई गेली. दादाला एवढ्यात सांगू नका, खाली उतरल्यावर सांगा."

नवरा वर, लाकडी कमानीपाशी, दगडी कुंडातल्या पाण्यानं हात धूत होता. गावी जायचं विमान उद्याचं होतं. तोवर करण्यासारखं काहीच नाही, म्हणून दवाखान्यातल्या आईसाठी तो या जपानी देवाकडं आला होता.

"देवासमोर दोन टाळ्या वाजवायच्या," तो म्हणाला. "म्हणजे त्याला कळतं, कुणीतरी आलंय."

सुतकात देवळात पाऊल टाकायचं नाही, एवढंच मला आठवलं. मी कमानीबाहेर थांबले. माझ्याकडं बघून त्यानं आवाज खाली आणला. "अडचण आली का?"

मी मान हलवली.

"असू दे. तुझ्या वाटचंही मीच मागतो."

त्याला अडवायला हवं होतं. सुतक माझ्याआधी त्याचं होतं. पण तोंड उघडलं असतं, तर सगळंच बाहेर पडलं असतं. तो कमानीखाली वाकला आणि आत गेला.

आतून दोन टाळ्या ऐकू आल्या. मग जरा थांबून आणखी दोन, मोठ्यानं.